दुसरं डोकं

भात झोडून घरात आलं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या रिकाम्या शेतांना कंठ फुटतो. कुठल्या तरी गावाबाहेरच्या खाचरातली ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून मैदान केलेलं असतं. फक्कीच्या पांढऱ्या रेषा, चार बांबू, चार दिवे आणि एक लाऊडस्पीकर. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत हा कबड्डीचा हंगाम चालतो. थंडी पडायला लागली की संध्याकाळचा आवाज लांबवर जातो, आणि मैलभर पलीकडच्या गावात कोणाची चढाई चालू आहे ते अंगणात बसून कळतं.

यंदाही तो आवाज आला. मी शाळेतून घरी येत होते. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, म्हणजे शिट्ट्या आणि आरोळ्या ही माझी रोजची भाजीभाकरी. तरी लाऊडस्पीकरवरून एका पोरीचं नाव पुकारलेलं ऐकलं आणि पाय जागीच थांबले. मागून येणाऱ्या एसटीने हॉर्न दिला तेव्हा कुठे मी बाजूला झाले. बरी होऊन मला किती काळ लोटला. पण त्या एका हंगामाने दिलेला धक्का अजून अंगात आहे, आणि तो दर थंडीत एकदा जागा होतो.

मी तेव्हा चढाई करायची. आमच्या गावाच्या संघात माझ्याइतकी हलकी आणि चपळ दुसरी कोणी नव्हती, असं आमचे प्रशिक्षक सर म्हणायचे, आणि मीही मनातून तसंच समजायचे. सकाळी पोलीस भरतीसाठी धावायचं, दुपारी लेखी परीक्षेची पुस्तकं, संध्याकाळी सराव. सगळं आयुष्य पायांवर आणि पाठांतरावर उभं होतं.

अंतिम सामना मुरबाडच्या बाजूच्या एका गावात होता. त्या संध्याकाळचं मला आठवतं ते असं. मैदानावर मारलेल्या पाण्याचा ओला वास. जिभेवर मीठ लावलेल्या लिंबाची फोड. कडेच्या शेतात वालाच्या वेलांवर पडलेला दिव्यांचा उजेड. आणि लाऊडस्पीकरवरून आलेलं माझं नाव, "रेश्मा चढाईला निघालीये." मी मध्यरेषेवर वाकून माती कपाळाला लावली.

त्यानंतर मी टेंपोत होते. मागच्या हौद्यात मुली गात होत्या, कोणीतरी माझ्या मांडीवर जिंकलेली ढाल ठेवली होती आणि गार वारा तोंडावर येत होता. या दोन गोष्टींच्या मध्ये काहीच नाही. झोपून उठल्यावर निदान झोपल्याची जाणीव तरी असते. इथे तीही नव्हती. कपाळाला माती लावली आणि मांडीवर ढाल आली.

"आज तू पेटली होतीस गो," शेजारची मुलगी म्हणाली. "पडलीस काय, उठलीस काय, आनि लगेच दुसऱ्या चढाईत तिघींना बाद केलंस."

सगळ्या हसल्या म्हणून मीही हसले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली चढाई मला लोकांकडून ऐकावी लागत होती. शरीराने धावून, चकवून, शिवून, परत येऊन टाळ्या घेतल्या होत्या, आणि मी त्या शरीरात नव्हते. मग कोण होतं, हा प्रश्न मला टेंपोत पडला नाही. डोकं जड झालं होतं आणि उलटी आवरत नव्हती. दिवसभर उन्हात आधीचे सामने खेळल्यामुळे पित्त झालं असेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, चुलीपाशी चहा करत होती. तिने मागितलेली वस्तू मी फळीवरून काढून हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

"दे ना," वहिनी म्हणाली.

"काय देऊ?"

"हातात काय हाय तुझ्या?"

मी बघितलं. गोल, जाळीची, काळी पडलेली, दांडीची. लहानपणापासून पाहिलेली. तिचं नाव मला आलं नाही. "ते चहाचं," मी म्हणाले, "ते जाळीचं."

वहिनी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. चहा उतू गेला, तरी तिने भांडं उतरवलं नाही.

गाळणी हा शब्द मला संध्याकाळी परत मिळाला, पण तोवर दुसरे गेले होते. पुस्तक उघडलं की ओळी पाण्यावरच्या कचऱ्यासारख्या सरकायच्या. दारातून ऊन आलं की डोळ्यांत सुई टोचल्यासारखं व्हायचं. मान पटकन वळवली की घर हळूच मागून वळत यायचं. आणि रडू. कशाचंही. वहिनीने भाजीत मीठ कमी घातलं म्हणून मी रडले, असं ती अजून सांगते. मला तेही आठवत नाही.

दादा मला आणि आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, "साफ आहे. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही."

"मग हिला होतंय काय?" दादाने विचारलं.

"मेंदूला हिसका बसलाय. फोटोत दिसत नाही तो. दोन दिवस चांगला आराम, मग हळूहळू हालचाल सुरू करा. आणि पुन्हा डोक्याला लागता कामा नये."

मला ते ऐकून जो धक्का बसला तो मी कसा सांगू. खेळाडूला दुखणं कळतं. घोटा सुजतो, गुडघा काळानिळा होतो, खांदा निखळतो. दुखणं म्हणजे दाखवता येणारी गोष्ट, असा माझा समज होता. आणि इथे माझ्यातली मीच हलली होती आणि फोटो साफ होता. मी कोण, मला काय येतं, कशाला काय म्हणतात, हे सगळं कवटीच्या आत एका मऊ गोळ्यात आहे, आणि तो गोळा बरणीतल्या दह्यासारखा हलू शकतो, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांच्या बोलण्यातला 'आराम' एवढाच शब्द घरात पोचला. 'हालचाल' वाटेत राहिली. आईने मधल्या खोलीची खिडकी चादरीने बंद केली. मला पुस्तक नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. बाहेर हंगाम चालू होता. मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली आणि उठली, त्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज मी उशीखाली डोकं घालून ऐकले. दोन दिवसांचे आठवडे झाले. जितकी पडून राहिले तितकं अंग ढिलं झालं, आणि खोलीतून अंगणात आले तरी भोवळ यायला लागली. भरतीची मैदानी चाचणी याच दिवसांत होती. माझ्याबरोबर धावणाऱ्या मुली पहाटे दारावरून गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज आला, हळू झाला आणि गेला. आई माझ्या उशाशी बसली होती. तिने माझ्या कानांवरून पांघरूण ओढलं.

शेजारपाजारचे बोलत होते. कोणी म्हणालं बाहेरचं लागलंय. कोणी म्हणालं भरतीत नापास व्हायची भीती, म्हणून हे. हे दुसरं मला जास्त लागलं, कारण पडल्या पडल्या मलाही तसं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी वहिनीने खिडकीवरची चादर ओढून काढली. आई ओरडेल या भीतीने मी वहिनीकडे बघितलं, पण ती चादर घडी करत होती.

"झाला आराम," ती म्हणाली. "अजून आराम केलास तर तू उठायचीच नाय. शहापूरला एक फिजिओ मॅडम येतात. चल."

आईही सोबत आली. मॅडम कल्याणहून यायच्या. ठेंगण्या, घाईघाईने बोलणाऱ्या, पण पेशंटचं ऐकताना अजिबात घाई न करणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि कोपऱ्यातल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलकडे बोट दाखवलं.

"बसा त्याच्यावर."

"मॅडम, हिला अंगणापर्यंत चालवत नाय," आई म्हणाली. आईचा चेहरा असा झाला होता, जणू तापलेल्या पोराला कोणी विहिरीत पोहायला सांगतंय.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "पाय मोडला तर प्लॅस्टर काढल्यावर चालायला शिकवतात ना? मेंदूलाही शिकवावं लागतं. रेश्मा, हळू मारायची. डोकं थोडं जड झालं तर घाबरायचं नाही. दुखणं वाढत चाललंय असं वाटलं की थांबायचं. ती तुझी आजची हद्द. उद्या तिच्या थोडं अलीकडे राहायचं, आणि हद्द आपोआप पुढे सरकेल."

त्यांनी माझ्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला. मी, जिच्या नावाने लाऊडस्पीकर वाजायचा, ती मी म्हाताऱ्या बाईसारखी पॅडल मारत होते आणि थोड्याच वेळात घामाघूम झाले. लाज वाटली. पण त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

मग रोजचं सुरू झालं. आमच्या गावामागून धरणाचा कालवा जातो. त्याच्या कडेच्या वाटेवर सकाळी मी आणि वहिनी चालायचो. आधी पुलापर्यंत, मग पंपापर्यंत, मग त्याच्याही पुढे काकडीच्या मांडवांपर्यंत. अंगठा डोळ्यांसमोर धरून, नजर त्याच्यावरून न हलवता मान डावीकडे उजवीकडे करायची. एका पायावर उभं राहायचं. बांधावरून टाचेला बोटं लावत चालायचं. भाताचे बांध मी लहानपणी डोळे मिटून पळत पार केले होते. आता त्याच बांधावर दोन्ही हात पसरून, डोंबाऱ्याच्या दोरीवर असल्यासारखी चालत होते.

शरीराबरोबर डोक्याचाही व्यायाम. मॅडमचं म्हणणं, दोन्ही एकत्र जुंपायचे, कारण जगताना ते एकत्रच लागतात. वहिनी चालता चालता भाज्यांची नावं घ्यायची, आणि ती मी शेवटाकडून पहिल्याकडे म्हणायची. वार उलटे म्हणायचे. रानातलं हिरवं काय काय, ते थांबल्याशिवाय सांगत राहायचं. सुरुवातीला वहिनी म्हणाली, "वांगी, गवार, पडवळ." मी म्हणाले, "पडवळ." आणि पुढे शून्य. नुकतीच, आत्ताच्या आत्ता कानात पडलेली दोन नावं कालव्याच्या पाण्यात टाकल्यासारखी गेली. मी वाटेवर खाली बसले.

"बस," वहिनी म्हणाली आणि तीही शेजारी बसली. "मला पण नाय आठवत. मी काय बोलले?"

तिला आठवत होतं, हे मला माहीत होतं. पण तिच्या त्या खोटेपणाने मला उठवलं.

मी बरी झाले ते एका दिवसात नाही. चार पावलं पुढे, दोन मागे. एखाद्या लग्नाच्या बँडने आठवड्याची कमाई घालवली. पण एका सकाळी चालताना एक वास आला, गोड, थोडा आंबूस, दाट. मी थांबले. "मोह," मी म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. फुलं पडायला लागली होती, वास नाकात शिरला आणि शब्द आपण होऊन त्याच्या मागून आला. वहिनीने माझा हात धरला आणि आम्ही बराच वेळ तशाच चाललो.

होळी होऊन गेली. मॅडमनी थोडा वेळ मोबाइल बघायची परवानगी दिली. आणि मी वहिनीकडे इतके दिवस राखून ठेवलेली गोष्ट मागितली. त्या सामन्याचं चित्रण. सगळ्या गावाने ते बघितलं होतं, फक्त मी नाही. माझी ती चढाई, मी पडते आणि उठते, आणि मग तिघींना बाद करते. मला माझी हरवलेली संध्याकाळ बघायची होती.

मी बघितली. मी आत जाते, वाकते, वळते, मध्यरेषेकडे झेप घेते. मागून एक हिरव्या बनियनमधली मुलगी माझ्या घोट्यावर सूर मारते. मी तोल सावरायला खाली वाकून वळते. आणि तिचं डोकं आणि माझं डोकं एकमेकांवर आदळतात. नारळावर नारळ फोडावा तसा आवाज, एवढ्या गोंगाटातूनही मोबाइलमध्ये स्पष्ट.

मी ते थांबवलं. परत लावलं. परत थांबवलं. मग मोबाइल खाली ठेवला.

"वहिनी, मी पडले नव्हते," मी म्हणाले. "टक्कर झाली."

"म्हणजे तेच गो. टकरीत पडलीस."

"टकरीत दोन डोकी असतात."

वहिनीने मोबाइल उचलला. आम्ही दोघींनी पुढचं बघितलं. मी उठते, आणि चित्रण घेणारा माझ्यामागे मोबाइल फिरवतो. माझ्या चढाया, माझ्या टाळ्या. फक्त एका क्षणी, कडेला, अर्धी दिसणारी ती हिरवी मुलगी. जमिनीवर बसलेली, दोन्ही हातांनी डोकं धरलेली. तिच्या बाजूला कोणीच नाही. तिचा संघ हरत होता.

इतके दिवस माझ्यासाठी स्कॅन झाला, चादर लागली, चादर निघाली, सायकल आली, कालवा आला. अर्धा तालुका माझी विचारपूस करून गेला. त्या दुसऱ्या डोक्याचं काय झालं, हे कोणाच्याही तोंडून आलं नव्हतं. मला तर ते आहे हेच माहीत नव्हतं.

मी सरांना फोन लावला. "ती? त्यांची उजव्या कोपऱ्यातली खेळाडू. वनिता," सर म्हणाले. "डोंगराकडच्या वाडीवरची. पकड चांगली करते."

"तिला काही लागलं होतं का?"

"तसं काही कानावर आलं नाही," सर म्हणाले, आणि मग हळू आवाजात, "विचारलंही नाही कोणी."

मी आणि वहिनी वाडीवर गेलो तर वनिताच्या घराच्या दाराला दोरी बांधलेली होती. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, सगळी माणसं वीटभट्टीवर गेलीत, पावसाच्या तोंडावर येतील. भट्टीचा पत्ता विचारत आम्ही वहिनीच्या स्कूटीवरून निघालो. उन्हात सगळी माती पांढरी दिसत होती. भट्टीचा धूर, ओल्या विटांच्या रांगा, ट्रॅक्टरचा अखंड धडधडाट. माझं बरं झालेलं डोकंही तिथे पाच मिनिटांत ठणकायला लागलं.

वनिता झोपडीच्या सावलीत बसली होती. डोक्याला ओलं फडकं करकचून आवळलेलं, डोळे बारीक केलेले. मला वाटलं होतं त्याहून खूप लहान चणीची. तिची आई विटा थापत होती ती हात पुसत आली.

"कबड्डीवाल्या का तुमी?" ती म्हणाली. "ती नाय येयाची खेलाला. इटा वाहते कशातरी, दुसरा कायच होत नाय तिच्यान आता. इटा मोजाया सांगल्या तरी चुकते. बसली तर बसूनच रेते. बापूस बोलतो सोंग करते."

मी वनिताच्या समोर बसले. "मला ओळखलंस?"

तिने बराच वेळ बघितलं. "नाय."

"आपण सामन्यात होतो. आपली टक्कर झाली होती."

"टक्कर?" ती म्हणाली. प्रत्येक शब्द शोधून काढत असल्यासारखी बोलत होती. "मना सांगला का चक्कर येऊन पडलीस. सकालपासून खाल्ला नव्हता, म्हणून."

तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कसली टक्कर?" तिने विचारलं.

मी सांगितलं. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि मातीने भरलेला हात लेकीच्या फडक्यावर ठेवला. "आनि आमी हिला शिव्या देतो," एवढंच ती म्हणाली. माझ्याच्याने तिथे बसवेना. माझ्यासाठी आईने अंधार केला नि वहिनीने उजेड केला, आणि हीच जखम घेऊन ही मुलगी महिनोन् महिने उन्हात, धुरात, त्या धडधडाटात विटा वाहत होती. दोघींना एकाच क्षणी, एकाच आवाजात लागलेलं. फरक एवढाच, की मोबाइल माझ्यामागे वळला.

तिला आधी डॉक्टरांना दाखवलं. मग मॅडम यायच्या त्या दिवशी शहापूरला आणलं. बरोबर तिचा बाप आला. तो खरं तर सोंग पकडायला आला होता, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. मॅडमनी वनिताला पायाला पाय जोडून डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ही मुलगी, जिच्या पकडीतून भल्याभल्या सुटत नव्हत्या, ती डोळे मिटताच वाऱ्यातल्या काठीसारखी झुलली आणि मॅडमच्या अंगावर कोसळली. दुसऱ्यांदा तसंच. मग मॅडमनी पाच सोप्या वस्तूंची नावं घेतली आणि म्हणायला सांगितली. वनिताने पहिलं सांगितलं आणि बापाकडे बघत राहिली.

बापाची हाताची घडी सुटली. तो तिथेच फरशीवर बसला. "ही शालेत पाढे बोलाची," तो म्हणाला. "मास्तर मना थांबवून सांगाचे." त्या दिवसापासून विटा वाहायचं तिचं काम त्याने स्वतःवर घेतलं, आणि पहाटे भट्टीवरचं काम सुरू व्हायच्या आत तिला फिरवून आणायचंही.

तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. उशिरा सुरू झालं होतं. भट्टीवर सायकल नव्हती, मग मॅडमनी चालणं ठरवून दिलं, आणि मनगटावरच्या पट्ट्याऐवजी बोलणं. चालता चालता बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं तर वेग कमी. पाऊस जवळ आला तशी ती सगळी वाडीवर परतली. मी आणि वहिनी जमेल तेव्हा जायचो. पावसात झोपडीच्या ओट्यावर मी नावं घ्यायची आणि वनिताने ती उलटी म्हणायची. रानभाज्या उगवल्या तशा भाज्यांच्या नावांचा खेळ आला. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी. कधी ती अडायची, कधी मी अडायची, आणि चुलीपाशी बसलेली तिची आई आम्हा दोघींना अडलेलं नाव पुरवायची. हसणं मात्र वनिताला परत आलं नव्हतं. मॅडम म्हणायच्या, तेही येईल, त्याचाही व्यायामच असतो.

पावसाळा सरता सरता, भात पोटरीला आलं त्या सुमाराला वनिता म्हणाली, "मना बगाचा हाय. आपला."

मला भीती वाटली. पण वहिनीने मोबाइल काढून तिच्या हातात दिला. वनिताने आवाज बंद केला आणि बघितलं. टक्कर बघताना तिने डोळे मिटले नाहीत. एकदा, दोनदा, मग हळू करून. माझी बाद झालेली संध्याकाळ तिचीही बाद होती, आणि आता वनिता ती एखाद्या तिऱ्हाईतासारखी तपासत होती. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"तुजा हात बग."

मी वाकून बघितलं. माझा घोटा तिच्या दोन्ही हातांत घट्ट होता. माझा हात रेषेकडे पसरलेला. रेषा त्याच्या पुढे होती. चांगली वीतभर पुढे. पंच दुसऱ्या बाजूला होते, आमची डोकी आपटली तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि शिट्टी वाजली ती माझ्या बाजूने.

"तू बाद होतीस," वनिता म्हणाली. "मी धरला होता तुला."

मी ते परत बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. त्यानंतरची माझी चढाई, ते तीन गुण, त्या टाळ्या, ती मांडीवरची ढाल, सगळं एका अशा खेळाडूचं होतं जिने त्या वेळी मैदानाबाहेर बसायला हवं होतं. दोन्ही अर्थांनी. मी काही बोलायच्या आधी एक आवाज आला. वनिता हसत होती. मोठ्याने नाही, पोटातून, थांबून थांबून, हसायची सवय मोडलेल्या माणसासारखी. "मी धरला होता गो," ती परत परत म्हणत होती. तिची आई दारातून धावत आली आणि तिला हसताना बघून तिथेच उभी राहिली.

मी सरांना सांगितलं. त्यांनी चित्रण पाहिलं, डोकं खाजवलं आणि दुसऱ्या संघाच्या सरांना फोन करून कबूल केलं. निकाल बदलत नसतो. पण त्यांच्या वाडीवर ती गोष्ट पोचली, आणि तेवढं पुरेसं होतं.

मी परत खेळले नाही. मॅडमची बंदी नव्हती. मान झटकन वळवली की अजून एक क्षण जग मागून येतं, आणि चढाईत तो एक क्षण फार असतो. भरतीही सुटली ती सुटलीच. मी शिकायला गेले आणि शिक्षिका झाले, आणि माझ्या शाळेत कोणाच्या डोक्याला लागलं तर तो खेळ तिथेच थांबतो, मग समोरून कितीही आरडाओरड होवो. वनिता मात्र परतली. आधी चालणं, मग धावणं, मग एकटीचा सराव, मग अंगाला अंग लावून, एकेक पायरी डॉक्टरांनी आणि मॅडमनी बघून मोकळी केल्यावर.

यंदाच्या हंगामात, शाळेतून येताना मी जो आवाज ऐकला, त्याच मैदानावर दुसऱ्या दिवशी तिचा सामना होता. मी गेले. तिची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने याआधी आयुष्यात कबड्डीचा सामना बघितला नव्हता. वनिता उजव्या कोपऱ्यात हात पसरून उभी राहिली. समोरून एक उंच मुलगी दम घेत आत आली. वनिता सरकली, वाकली आणि सूर मारला.

लोक उभे राहिले. मैदानावर धूळ उडाली. शिट्टी झाली.

"झाला का?" वनिताच्या आईने विचारलं. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

मला सांगता आलं नाही. माझेही डोळे मिटलेले होते. आम्हाला पुढच्या ओळीतल्या बाईच्या खांद्याला हात लावून विचारावं लागलं. ती मागे वळली, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली आणि म्हणाली, "धरली ना. उठली पन. ती बघा, पदर झटकल्यावानी माती झटकते."